फोटॉनिक स्फटिकातून तरंगलांबी वेगळ्या करताना या चुका टाळा

फोटॉनिक स्फटिकाला (सिलिकॉनसारख्या पदार्थात ठरावीक अंतराने छिद्रे असलेल्या रचनेला) काचेच्या लोलकाची सुधारित आवृत्ती समजणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. सिलिकॉन आणि त्यातील छिद्रे यांचा सरासरी अपवर्तनांक काढून स्नेलचा नियम लावला, तर उत्तर आवर्तनापेक्षा (छिद्रांमधील ठरावीक अंतरापेक्षा) खूप मोठ्या तरंगलांबीसाठीच बरोबर येते. १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी छिद्रांमधील अंतर साधारण ४०० ते ४५० नॅनोमीटर असते. तेथे ऊर्जा तरंगसदिशाच्या (तरंगाची दिशा आणि तरंगलांबी सांगणाऱ्या सदिशाच्या) दिशेने जाईलच असे नाही, ती समान वारंवारतेच्या वक्राला (एकाच वारंवारतेचे सर्व तरंगसदिश दाखवणाऱ्या वक्राला) लंब दिशेने जाते. हा वक्र कोपऱ्याशी तीव्र वळत असेल, तर तरंगलांबीतील किंचित फरकानेही लंबाची दिशा कित्येक अंशांनी फिरते. म्हणून आधी हे वक्र काढावेत, सीमेवर तरंगसदिशाचा समांतर घटक कायम ठेवून छेदबिंदू शोधावेत आणि ज्या बिंदूपाशी ऊर्जा स्फटिकाच्या आत जाते तोच घ्यावा.

मात्र जो कोपरा तरंगलांबी वेगळ्या करतो, तोच कोपरा आपाती कोनालाही तितकाच संवेदनशील असतो, आणि बहुतेक आराखडे फसतात ते इथेच. १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलेल्या ‘सुपरप्रिझम’ परिणामात आपाती कोन ±७ अंशांत बदलताच आतील शलाका ±७० अंशांपर्यंत फिरली होती. आता कंबरेपाशी, म्हणजे सर्वांत अरुंद जागी, ५ मायक्रोमीटर त्रिज्येची शलाका घ्या: सिलिकॉनमध्ये तिचा अर्धा फैलाव सुमारे १.६ अंश होतो, म्हणजे एकाच तरंगलांबीचा प्रकाश अनेक दिशांना पांगतो आणि शेजारच्या तरंगलांबीत मिसळतो. त्रिज्या २५ मायक्रोमीटर केल्यास फैलाव ०.३ अंशांवर येतो, पण मग स्फटिकही मोठा लागतो. केवळ वळणाचा कोन पाहून आराखड्याचे कौतुक करणे, माझ्या मते, निरर्थक आहे. वळण आणि फैलाव यांचे गुणोत्तर पाहावे.

प्रकाश बाहेरच येत नसेल, तर आपण निषिद्ध पट्ट्यात (ज्या वारंवारतांचा प्रकाश स्फटिकात पसरूच शकत नाही, त्या पट्ट्यात) काम करत आहोत का, हे तपासावे. तेथे प्रकाश विभागला जात नाही, परावर्तित होतो. ध्रुवणही (प्रकाशातील विद्युतक्षेत्राच्या कंपनाची दिशा) पाहावे, कारण त्रिकोणी जाळीतील छिद्रांचा निषिद्ध पट्टा प्रामुख्याने एकाच ध्रुवणासाठी असतो. पातळ पट्टीच्या रचनेत काम प्रकाशरेषेच्या (ज्या मर्यादेपलीकडे पट्टी प्रकाशाला आत धरून ठेवू शकत नाही, तिच्या) वर गेले असेल, तर प्रकाश वर-खाली गळतो.

मापन आणि गणित जुळत नसेल, तर गणिताच्या आधी निर्मितीवर संशय घ्यावा. सर्व मापे १ टक्क्याने चुकली, तर संपूर्ण वर्णपट सुमारे १५ नॅनोमीटरने सरकतो. छिद्रे ठरल्यापेक्षा मोठी झाली, तर तो लघू तरंगलांबीकडे जातो. त्यामुळे विस्तृत वर्णपटाच्या स्रोताने पारगमन (आरपार जाणारा प्रकाश) मोजून निषिद्ध पट्ट्याची कडा नेमकी कुठे आली आहे हे आधी पाहावे, आणि लेझरची तरंगलांबी त्यानंतरच निवडावी.