लग्नाचा वाढदिवस जलदुर्गावर: आधी तिथी बघा, मग किल्ला ठरवा

लग्नाच्या वाढदिवसाला कोकणातले किल्ले बघायचे ठरले की बहुतेक जोडपी आधी हॉटेल बुक करतात, मग किल्ला निवडतात आणि भरती-ओहोटीची आठवण थेट किनाऱ्यावर पोचल्यावर होते. क्रम नेमका उलटा हवा. तुमची तारीख ठरलेली आहे, पण समुद्र तारखेने चालत नाही, तिथीने चालतो. त्या दिवशी कोणता किल्ला नीट बघता येईल हे कॅलेंडरवरच्या तिथीवरून कळतं.

हिशोब सोपा आहे. पक्षातली तिथी घ्या, शुक्ल असो वा कृष्ण, आणि तिची पाऊणपट करा. येईल तो आकडा म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणून भरती पहाटे आणि दुपारी तीनला. ओहोटी त्याच्या सव्वासहा तास आधी किंवा नंतर, म्हणजे सकाळी नवाच्या आसपास. मुंबई-अलिबागला हे गणित अर्धा-पाऊण तास मागेपुढे धरून जुळतं. मालवणकडे भरती थोडी आधी येते आणि पाण्याची चढउतारही कमी असते. गणित फक्त दिवस निवडायला वापरा. निघण्याआधी भरतीचं कोष्टक बघा आणि किनाऱ्यावरच्या कोळ्यांना विचारा. त्यांनी ‘आता नको’ म्हटलं तर नकोच.

तारखेला द्वितीया ते पंचमी आली तर अलिबागचा कुलाबा किल्ला घ्या. ओहोटी सकाळी साडेसात ते दहाच्या दरम्यान लागते, उधाणाचे, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीचे दिवस असल्याने पाणी चांगलं मागे हटतं आणि किल्ल्यात चालत जाता येतं. ओहोटीच्या वेळेआधी एक तास निघा आणि ओहोटीनंतर तासाभरात परतीच्या वाटेला लागा. हा तास ताणायचा नाही. ओहोटीनंतर पहिल्या तासात पाणी जेमतेम वाढतं, म्हणून माणूस निवांत राहतो, पण एकूण भरतीचं निम्मं पाणी तिसऱ्या आणि चौथ्या तासात चढतं. ‘मघाशी तर घोट्याएवढंच होतं’ असं म्हणत लोक अडकतात ते यामुळे. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला येते खरी, पण तेव्हा भांगाची, म्हणजे कमी चढउताराची भरती असते, पाणी पुरतं हटत नाही आणि वाट ओली राहते. पौर्णिमा-अमावास्येला ओहोटी थेट संध्याकाळी येते आणि परतताना अंधार पडतो. त्या दिवशी कुलाब्याला चालत जाऊ नका.

पायात मागे पट्टा असलेली सँडल हवी. साधी चप्पल चिखलात रुतते, अनवाणी गेलात तर खडकावरची कालवं पाय कापतात. तळव्याला मीठ-पाणी लागलेली जखम दिवसभर ठणकते आणि पुढचा सगळा बेत लंगडा होतो.

कुलाब्याला तटाजवळ जाऊन दगडांच्या सांध्यात बोट घालून बघा. चुना नाही. मोठे दगड नुसते एकावर एक बसवले आहेत. लाटेचं पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो. आत 1759 साली राघोजी आंग्रे यांनी बांधलेलं गणेशपंचायतन आहे, आणि तटावर गाड्यांवरच्या दोन इंग्रजी तोफा. त्यांच्यावरचा 1849 हा आकडा वाचता येतो.

याची जोडी मुरूडसमोरच्या पद्मदुर्गाशी लावा. तिथे उलटं घडलं आहे: दगड खाऱ्या वाऱ्याने झिजून आत गेला आणि सांध्यातला चुना अजून जसाच्या तसा. तट मधाच्या पोळ्यासारखा दिसतो, मधल्या भिंती चुन्याच्या आणि खळगे दगडाचे. शिवाजी महाराजांच्या माणसांनी मळलेला चुना साडेतीनशे वर्षं दगडाला पुरून उरला आहे. हे दोघांनी हात लावून बघावं असं आहे. तिथे नेहमीची होडी नाही, मुरूडहून खासगी ठरवावी लागते. जायला परवानगी लागते का याची चौकशी आदल्या दिवशीच करा.

जंजिरा राजपुरीहून. शिडाच्या होड्या माणसं भरल्यावर सुटतात आणि किल्ल्यात ठरावीकच वेळ मिळतो. तेवढ्यात कलालबांगडी तोफ, गोड्या पाण्याचे दोन तलाव आणि दरवाजाजवळचा पंजांत हत्ती धरलेला शरभ (सिंहासारखा काल्पनिक प्राणी) एवढं होतं, त्याहून जास्त नाही. अगदी ओहोटीला खालच्या पायऱ्यांवरचं शेवाळ उघडं पडतं. होडीतून उतरताना घसरायची जागा हीच. आधी एकाने उतरावं, पाय रोवावेत, मग दुसऱ्याला हात द्यावा. दोघांनी हात धरून एकदम उडी मारली की दोघंही पडतात. मोबाइल तेव्हा हातात नको.

दोन रात्री हातात असतील तर सरळ मालवण गाठा. 25 नोव्हेंबर 1664 रोजी पायाभरणी झालेला सिंधुदुर्ग सुमारे 48 एकरांवर पसरला आहे आणि होडीवाले साधारण तासाभराचाच वेळ देतात. तेवढ्यात तो होत नाही. तिकिटाच्या वेळीच ‘आम्ही नंतरच्या होडीने येऊ’ असं बोलून ठेवा, किंवा दोघांपुरती होडी ठरवा. सकाळची पहिली फेरी धरा, कारण दुपारी समुद्रावरून वारा उठतो आणि होडी हेलकावे खाते. मळमळणाऱ्याने होडीच्या मध्यावर बसावं, नजर क्षितिजावर ठेवावी आणि उपाशी जाऊ नये.

आत शिरण्याआधी गोमुखी दरवाजाची रचना बघा, अगदी जवळ येईपर्यंत दार दिसत नाही. मग महाराजांच्या हाता-पायाचे चुन्यातले ठसे, शिवराजेश्वराचं देऊळ, आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. केक, फुगे, मेणबत्त्या गडावर नकोत. इथे आजही कुटुंबं राहतात आणि शिवराजेश्वराची पूजा होते. शिवराजेश्वराला हार वाहा, वाढदिवस तेवढ्याने साजरा होतो. केक मालवणात परतल्यावर कापा, सोबत सुरमई आणि सोलकढी.

दुसऱ्या दिवशी विजयदुर्ग. मालवणहून देवगडमार्गे अडीच तास धरा. भोज शिलाहाराचा हा किल्ला 1653 साली महाराजांनी आदिलशाहीकडून घेतला. पुढे 1756 मध्ये इथेच आंग्र्यांचं आरमार जळालं. होडी लागत नाही, म्हणून जून ते ऑगस्टमध्ये वाढदिवस असलेल्यांना विजयदुर्ग किंवा रत्नागिरीचा रत्नदुर्ग हेच योग्य. पावसाळ्यात होड्या बंदच असतात. तेव्हा तटावरच्या पायऱ्या उतरताना भिंतीकडची बाजू धरा, पण शेवाळ मधल्या भागापेक्षा कडेला कमी असेल असं समजू नका.

दापोलीजवळ राहणार असाल तर हर्णै बंदरातून सुवर्णदुर्ग. दरवाजाशी पायरीवर कोरलेलं कासव आणि भिंतीवरचा मारुती बघायला विसरू नका. परत आल्यावर संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव भरतो, तो चुकवू नका.

सामान थोडंच: माणशी तीन लिटर पाणी, हनुवटीखाली बांधायची दोरी असलेली टोपी, ओआरएसची दोन पाकिटं, सुटे पैसे, मोबाइलसाठी घट्ट बंद होणारी पिशवी. लाइफ जॅकेट दिलं तर पट्टे आवळून घाला, नुसतं अंगावर टाकलेलं जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून जातं. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या परत आणा. आणि तटाच्या चुन्यावर नावं कोरू नका. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग 2025 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले, पण त्याआधीही तो चुना तितकाच मोलाचा होता.

वाढदिवस तिथीने करत असाल तर दरवर्षी भरतीची वेळ जवळपास तीच येते आणि एकदा जमलेला बेत पुन्हा जमतो. तारखेने करत असाल तर तिथी दरवर्षी साधारण अकराने पुढे सरकते. यंदा तारखेला शुक्ल चतुर्थी असेल तर कुलाबा करा. पुढल्या वर्षी त्याच तारखेला पौर्णिमा येईल, तेव्हा सिंधुदुर्गाची होडी धरा.