आधी कंटिन्युइटी बघा, मग डेरिव्हेटिव्हच्या नादी लागा

साताऱ्यात क्लासच्या बारावीच्या पोरांना हे गणित घाला आणि गंमत बघा. एक्स १ पर्यंत असेल तर एफ म्हणजे एक्सचा वर्ग, १ च्या पुढं गेला की एक्सचा वर्ग अधिक ५, तर १ वर फंक्शन डिफरन्शिएबल आहे का, म्हणजे तिथं डेरिव्हेटिव्ह (ग्राफचा स्लोप, म्हणजे चढ) निघतो का? पोरं लगेच दोन्हीकडं डेरिव्हेटिव्ह काढतात, इकडं पण २ एक्स तिकडं पण २ एक्स, १ टाकला की २ आणि २, आहे की सर डिफरन्शिएबल! अरे लगा, १ वर ग्राफ पाच घरं वर उडालाय, तिथं कसला स्लोप काढतोयस.

म्हणून पहिलं काम कंटिन्युइटी, म्हणजे ग्राफ तिथं तुटलेला नाही ना: त्या पॉइंटला डावीकडची लिमिट (डावीकडून जवळ जाताना फंक्शन ज्या आकड्याकडं जातं तो), उजवीकडची लिमिट आणि फंक्शनची व्हॅल्यू तिन्ही सेम येतात का बघायचं. नाही आली तर विषय संपला, डिफरन्शिएबल नाही लिहा आणि पुढचं गणित घ्या. कारण साधं आहे: एच म्हणजे एक्समधला छोटा बदल, तर फंक्शनमधला फरक म्हणजे (फरक भागिले एच) गुणिले एच, डेरिव्हेटिव्ह असेल तर कंसातलं एका ठराविक आकड्याकडं जातं, एच शून्याकडं जातो, मग गुणाकार शून्यच होणार, म्हणजे कंटिन्युअस असावंच लागतं.

आली सेम, तर लगेच खूश व्हायचं नाही, उलटं खरं नसतं. मॉड एक्स (एक्सचं उणे चिन्ह काढून टाकलेलं) घ्या, शून्यावर कंटिन्युअस आहे पण डावीकडून स्लोप उणे १, उजवीकडून अधिक १. यवतेश्वर घाटातलं वळण कितीही डेंजर असलं तरी गोल असतं, स्टिअरिंग हळूहळू फिरवता येतं, इथं मात्र जाग्यावर टोक. घनमूळ एक्सचं अजून वेगळं, टोक नाही पण शून्यावर टँजंट (ग्राफला टेकणारी रेघ) सरळ उभी, स्लोप इन्फिनिटी, म्हणजे तिथं पण नाहीच. आणि १८७२ मध्ये वायरश्ट्रास या जर्मन गणितज्ञानं तर असलं फंक्शन दाखवलं की सगळीकडं कंटिन्युअस पण डिफरन्शिएबल कुठंच नाही!

ए आणि बी काढा टाइपचं गणित पण असंच. १ पर्यंत एक्सचा वर्ग, पुढं ए एक्स अधिक बी, १ वर डिफरन्शिएबल पाहिजे. कंटिन्युइटीतनं ए अधिक बी बरोबर १, स्लोप जुळवले की ए बरोबर २, म्हणून बी उणे १. दोन अननोन, दोन अटी, झालं.

आता हुशार पोरांसाठी. एक्सचा वर्ग गुणिले साइन (१ भागिले एक्स), शून्यावर व्हॅल्यू शून्य. फॉर्म्युल्यानं डेरिव्हेटिव्ह काढून लिमिट घ्यायला गेलात तर कॉस (१ भागिले एक्स) नाचत बसतो, लिमिट येतच नाही, आणि पोरगं लिहितं डिफरन्शिएबल नाही. चूक! डेफिनेशननं करा, एच गुणिले साइन (१ भागिले एच) उरतं, साइन उणे १ ते १ मध्येच फिरणार आणि एच शून्याकडं जाणार, म्हणून उत्तर शून्य, डेरिव्हेटिव्ह आहे. फक्त ते डेरिव्हेटिव्ह स्वतः शून्यावर कंटिन्युअस नाही. त्यामुळं जोडाच्या पॉइंटला शंका आली की फॉर्म्युला बाजूला ठेवा आणि एच टाकून लिमिटच काढा, दोन ओळी जास्त लिहाव्या लागतील एवढंच.