जोडीने लांबचा प्रवास, हात राखून: आखणी कशी करावी

वर्षभर भटकायचं ठरलं की बहुतेक जोडपी आधी स्वस्त विमानतिकिटं शोधायला बसतात. तिथून सुरुवात करू नका. लांबच्या प्रवासाचा खर्च तिकिटांपेक्षा तुम्ही किती घाईने फिरता त्यावर ठरतो.

१. रोजचा आकडा काढा

जमवलेल्या पैशातून आधी दोन रकमा बाजूला काढा: परतीचं विमानभाडं आणि परतल्यावर बस्तान बसेपर्यंतचा घरखर्च. त्यांना हात लावायचा नाही. मग विमा, लसी, व्हिसा आणि एका खंडातून दुसऱ्या खंडात नेणारी विमानं वजा करा. उरलेल्याला दिवसांनी भागा. हा आकडा सरासरीचा आहे. महाग देशात तो ओलांडला जाणार आणि स्वस्त देशात भरून निघणार. हिशेब आठवड्यातून एकदाच करा. रोज रात्री कॉफीचे पैसे मोजायला बसलात तर भांडण ठरलेलं.

२. देश ऋतूप्रमाणे ओवा

पावसापाठोपाठ कोरड्या हंगामात पोहोचायचं, पण ऐन गर्दीत नाही. युरोपात सप्टेंबर बरा. ऑगस्टपेक्षा भाडी उतरलेली असतात. थायलंड, लाओस, कंबोडियाला नोव्हेंबरनंतर जा. पूर्व आफ्रिकेत मार्च ते मे मोठा पाऊस असतो, म्हणून तिकडे जूनमध्ये. पेरू-बोलिव्हियाच्या डोंगराळ भागात मे ते सप्टेंबर कोरडं असतं, तर त्याच खंडाच्या दक्षिण टोकाला, पॅटागोनियात, उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारीत. एका फेरीत दोन्ही चांगल्या हवेत बघायचा हट्ट खिशाला महागात पडतो. एक निवडा.

नकाशावर सरळ दिसणारी वाट जमिनीवर असेलच असं नाही. पनामा आणि कोलंबियाच्या मध्ये डॅरियनचं जंगल आहे आणि उत्तर व दक्षिण अमेरिकेला जोडणारा पॅन-अमेरिकन महामार्ग तिथे सुमारे १०० किलोमीटर तुटलेला आहे. तेवढ्यासाठी विमान किंवा बोट धरावीच लागते. तो खर्च आधीच मांडा.

३. व्हिसाचे दिवस मोजा

शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसातल्या सीमांवर नेहमीची तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय गटात, २९ देश आहेत, आणि अल्प मुदतीच्या पाहुण्याला सगळे मिळून कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस मिळतात. देश बदलला म्हणून मोजणी नव्याने सुरू होत नाही. उरलेले दिवस बाल्कनमधल्या शेंगेनबाहेरच्या देशांत, तुर्कस्तानात किंवा जॉर्जियात काढता येतात. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वाडोर आणि निकाराग्वा यांचेही दिवस बहुधा एकत्र धरले जातात. दोघांचे पासपोर्ट वेगवेगळ्या देशांचे असतील तर ज्याला कमी दिवस मिळतात त्याच्या हिशेबाने आखणी करा.

काही देशांत शिरताना मागितली जाणारी पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस निघण्याच्या आदल्या दिवशी घेऊन चालत नाही. तिचं प्रमाणपत्र १० दिवसांनी लागू होतं. पुढे मात्र ते आयुष्यभर चालतं. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून कमी उरली असेल तर अनेक ठिकाणी विमानातच चढू देत नाहीत.

४. मुक्काम लांबवा

खरी बचत इथे आहे. एका गावाला पोहोचायला २०० लागले आणि चार दिवसांत निघालात, तर रोजच्या खर्चावर ५० चढले. वीस दिवस राहिलात तर फक्त १०. शिवाय महिन्याच्या बोलीवर खोलीचं भाडं उतरतं, स्वयंपाकघर मिळालं की बाहेरचं खाणं कमी होतं, आणि बाजारात खरा भाव काय हे एव्हाना कळलेलं असतं.

वसतिगृहात दोन खाटा घेण्याआधी खाजगी खोलीचा दर विचारा. एकट्या प्रवाशासाठी खाट स्वस्त, पण दोघांचे मिळून पैसे कित्येकदा खोलीइतकेच होतात. कुणाचं घर आणि पाळीव प्राणी सांभाळून फुकट राहणं जोडप्याला छान जमतं. मात्र राहण्याच्या बदल्यात काम करणं अनेक देशांत पर्यटक व्हिसावर चालत नाही. ते आधी तपासा.

५. पैसे दोन जागी ठेवा

दोन वेगळ्या खात्यांची दोन कार्डं, दोन वेगळ्या खिशांत. एकाच संयुक्त खात्याची दोन कार्डं उपयोगाची नाहीत. खातं गोठलं की दोघंही अडकलात.

परदेशी एटीएमच्या पडद्यावर एक प्रस्ताव येतो: तुमच्याच चलनात रक्कम, ठरलेला दर, खाली ‘मान्य’ आणि ‘अमान्य’. ‘अमान्य’ दाबलं तर व्यवहारच रद्द होईल या भीतीने लोक ‘मान्य’ दाबतात. बिनधास्त ‘अमान्य’ दाबा. नोटा बाहेर येतातच, फक्त रूपांतर तुमच्या बँकेच्या दराने होतं आणि तो दर बहुधा बराच बरा असतो.

६. दोघांतले करार

भूक, झोप आणि पाठीवरचं ओझं एकत्र आलं की बस स्थानकाबाहेर टॅक्सीवरून हमखास वाजतं. त्यासाठी नियम घरीच करून ठेवा: अंधार पडल्यावर पोहोचलो तर टॅक्सी, घासाघीस नाही, पहिल्या रात्रीची खोली आधीच घेतलेली. देशागणिक आखणीची जबाबदारी आलटून पालटून घ्या, म्हणजे एक जण कायमचा व्यवस्थापक होत नाही. दोघांनाही विचारावं न लागणारा थोडा हातखर्च असू द्या. आणि आठवड्यातला एक दिवस वेगवेगळे फिरा. चोवीस तासांची सोबत प्रेमाने निभते असं कुणी जोडपं म्हणत असेल तर ते अजून निघालेलं नाही.

७. आधी तालीम करा

तिकिटं काढण्यापूर्वी त्याच पिशव्या, तोच रोजचा आकडा घेऊन पंधरा दिवस जवळपास कुठेतरी काढा. पिशवी घेऊन दोन जिने न थांबता चढता आले पाहिजेत. या पंधरवड्यात जे पिशवीतून एकदाही बाहेर निघालं नाही ते घरी ठेवा. औषधं आणि पावसाळी कोट तेवढे सोडून.