पिलू शॅमेलिऑनचं हिरवं घर: गोव्याच्या हवेत या चुका टाळा

शॅमेलिऑनच्या, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याच्या, पिंजऱ्याबद्दल इंटरनेटवर जे सल्ले सापडतात, ते बहुतेक थंड आणि कोरड्या हवेच्या देशांतल्या माणसांनी आपापल्या घरांसाठी दिलेले असतात. ऊब वाढवा, ओलावा धरून ठेवा, काचेची टाकी घ्या. गोव्यात हेच सगळं जसंच्या तसं केलं की पिलू आजारी पडतं. आपल्याकडे ऊब आणि ओल दोन्ही फुकट मिळतात. कमी पडते ती खेळती हवा. पिंजरा घेण्यापासून झाडं लावण्यापर्यंत प्रत्येक निर्णय घेताना हे लक्षात ठेवा.

त्याआधी कायद्याचं बघा. आपल्या रानात सापडणारा शॅमेलिऑन 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. तो पकडून पाळणं हा गुन्हा आहे, पिलू रस्त्यावर सापडलं असलं तरीही. पाळले जातात ते परदेशी: येमेन आणि सौदीकडचा व्हेल्ड, मादागास्करचा पँथर. यांचीही नोंद 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश 2.0 पोर्टलवर करावी लागते. विकणारा कागदपत्रं देत नसेल तर तिथूनच परत फिरा.

काचेची टाकी आणि कायमची ओल

पिलासाठी साधारण 40 बाय 40 बाय 60 सेंटीमीटरचा, चारही बाजूंनी जाळीचा पिंजरा पुरतो. व्हेल्ड नर मोठा झाला की त्याला 60 बाय 60 बाय 120 लागतो, तेव्हा जागा आधीच मोजून ठेवा. काचेच्या टाकीत हवा साचते, आणि जून ते सप्टेंबरमध्ये बाहेरच इतका दमटपणा असतो की आत शिंपडलेलं पाणी सुकतच नाही. मग मातीवर पांढरी बुरशी धरते, चिलटं होतात आणि पिलाच्या छातीत संसर्ग होतो.

सगळ्यात जास्त गोंधळ पाणी शिंपडण्यात होतो. दर दोन तासांनी स्प्रे मारणारे लोक मनापासून काळजी घेत असतात, म्हणून हे सांगताना वाईट वाटतं, पण त्याने भलं होत नाही. पहाटे दिवे लागायच्या आधी एकदा आणि रात्री दिवे गेल्यावर एकदा, एवढं शिंपडणं पुरे. दिवसा पिंजरा सुकलाच पाहिजे. सकाळी अकराच्या सुमाराला पिंजऱ्यातल्या मनीप्लांटच्या खालच्या एखाद्या पानाच्या मागच्या बाजूला बोट फिरवा. बोट ओलं झालं तर रात्रीचं शिंपडणं बंद करा आणि खोलीत छोटा पंखा लावा. त्याचा झोत पिलावर नको, खोलीतली हवा हलली की झालं. भर पावसाळ्यात स्प्रे जवळपास बंद ठेवला तरी चालतो, पण प्यायचं पाणी बंद करू नका. शॅमेलिऑनला वाटीतलं साचलेलं पाणी सहसा ओळखता येत नाही, तो पानावरून ओघळणारे थेंब चाटतो. प्लास्टिकच्या ग्लासाला टाचणीने भोक पाडून तो पिंजऱ्याच्या छतावर ठेवा, थेंब पानावर पडू द्या आणि खाली निचऱ्यासाठी ट्रे ठेवा.

दिवा कुठला, किती

एप्रिल-मे महिन्यात स्लॅबखालच्या खोलीत दुपारी 33 अंश सहज होतात. तिथे शंभर वॉटचा उष्णतेचा दिवा लावणं म्हणजे पिलाला भाजणं. पिलाच्या उन्हं खायच्या फांदीवर 28-29 अंश पुरेत. खोलीच तेवढी तापत असेल तर उष्णतेचा दिवा लावूच नका. पावसाळ्यातल्या गारठलेल्या सकाळी तासभर कमी वॉटचा बल्ब चालेल. तापमान अंदाजाने ठरवू नका, प्रोबवाला (तारेच्या टोकाने तापमान मोजणारा) थर्मामीटर त्याच फांदीला बांधा.

अतिनील किरणांचा दिवा मात्र बाराही महिने हवा. गुंडाळीच्या आकाराचे छोटे बल्ब टाळा, टी-5 ची (बारीक ट्यूबलाइटसारखी) लांब नळी घ्या आणि जाळीवर ठेवा. फांदी नळीपासून 20-25 सेंटीमीटरवर असावी. रोज 12 तास चालू ठेवा आणि वर्षाने नळी बदला, कारण ती दिसायला तितकीच उजळ राहते पण किरण घटतात. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन या कामाचं नाही, काच ते किरण अडवते. वीज दोन-चार तास गेली तर घाबरू नका, तेवढ्याने काही बिघडत नाही.

झाडं

मनीप्लांट, जास्वंद आणि शेफ्लेरा ही तीन झाडं धरून चाला. व्हेल्ड जास्वंदीची पानं-फुलं खातोही. कण्हेर, रुई, डिफेनबाकिया, अळू आणि क्रोटन पिंजऱ्याच्या आसपासही नकोत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून किंवा नर्सरीतून आणलेलं रोप थेट आत ठेवणं ही फार मोठी चूक आहे, कारण त्यावर कीटकनाशक मारलेलं असतं आणि मातीत खताचे गोळे असतात. पानं दोन्ही बाजूंनी धुवा, मुळांची माती झटकून साध्या मातीत रोप लावा आणि निदान महिनाभर बाहेर ठेवा. कुंडीतल्या मातीवर पिलाला गिळता येणार नाहीत असे मोठे गोटे पसरा.

फांद्या पेरूच्या किंवा जास्वंदीच्या घ्या. आंबा-काजूच्या चिकाच्या फांद्या नकोत. पिलाच्या पायाची पकड बसेल अशा, पेन्सिलीएवढ्या बारीक फांद्या आडव्या, वेगवेगळ्या उंचीवर बांधा. पान इतकं दाट हवं की पिलाला वाटलं तर ते तुमच्यापासून पूर्ण लपू शकेल. ते दिसत नाही म्हणून फांद्या छाटू नका.

पिंजरा डोळ्यांच्या उंचीवर किंवा त्याहून वर, वर्दळीपासून दूर ठेवा. एका पिंजऱ्यात एकच पिलू, भावंडं असली तरी. त्या खोलीत डासांची कॉइल, लिक्विड, फवारणी आणि धुरी बंद. मुंग्या चढू नयेत म्हणून स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा आणि पाणी रोज बदला, नाहीतर तिथेच डास होतील. चवथीला सगळं घर गावी जाणार असेल तर रोज पाणी आणि किडे कोण देणार, हे आधीच ठरवा.

किडे पिलाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठे नसावेत, आणि त्यांच्यावर डी-3 जीवनसत्त्व नसलेली कॅल्शियमची पूड भुरभुरा. उरलेले रातकिडे संध्याकाळी काढून टाका, ते झोपलेल्या पिलाला चावतात. पावसाच्या तोंडाला अंगणात चमकणारे काजवे कधीही देऊ नका, काही जातींमधलं विष सरड्यांचा जीव घेतं.

बिघाड ओळखताना

सकाळी काळपट दिसणारं पिलू ऊब घेत असतं, ते ठीक आहे. दिवसभर काळं राहत असेल तर ताण किंवा थंडी, म्हणून जागा आणि लपायची पानं तपासा. डोळे खोल गेले किंवा विष्ठेतला पांढरा भाग नारिंगी झाला तर पाणी कमी पडतंय. दुपारी तोंड उघडं असेल तर आधी तापमान बघा. फांदीवर 29 च्या आतच असताना तोंड उघडं राहत असेल, श्वासाला आवाज येत असेल, दिवसा डोळे मिटलेले असतील किंवा पाय वाकडे दिसत असतील, तर घरगुती उपाय करत बसू नका. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे डॉक्टर मोजकेच असतात, त्यांचा नंबर पिलू आणण्याआधीच मिळवून ठेवा. जाताना पिंजऱ्याचा फोटो, तापमान-आर्द्रतेचे आकडे आणि ताज्या विष्ठेचा नमुना सोबत न्या.