जहाजाच्या मॉडेलचं प्लँकिंग करताय? या चुका टाळा

प्लँकिंग, म्हणजे जहाजाच्या सांगाड्यावर लाकडी पट्ट्या बसवणं, बिघडलं की सगळे आधी पट्टीला शिव्या घालतात. लाकूडच कंडम होतं, नीट भिजलं नाही, फेविकॉल पातळ होता, वगैरे वगैरे. पण बहुतेक वेळा खरी गडबड पहिली पट्टी लागायच्या कितीतरी आधी झालेली असते, पट्टी फक्त ती चव्हाट्यावर आणते. हे सगळं स्क्रॅचवाल्यांसाठी लिहितोय, म्हणजे किट न घेता नकाशावरून स्वतः बल्कहेड, म्हणजे सांगाड्यातले आडव्या छेदाच्या आकाराचे प्लायचे तुकडे, कापणाऱ्यांसाठी. किटमध्ये निदान दोष द्यायला एक कंपनी तरी असते, इथे सगळं आपल्याच गळ्यात.

उदाहरणाला ट्रिंकोमाली घेऊ. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी सागवानात बांधलेली, 12 ऑक्टोबर 1817 ला पाण्यात उतरलेली, आणि आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगत असलेली फ्रिगेट (युद्धनौका), त्यामुळे आपल्याकडच्या मॉडेलवाल्याला कधी ना कधी तिचा मोह होतोच. तिच्या नकाशांची पण गंमत आहे, पहिला सेट जावा नावाच्या जहाजातून मुंबईला यायला निघाला आणि डिसेंबर 1812 मध्ये अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशन या युद्धनौकेने ब्राझीलजवळ जावालाच संपवलं, नकाशे पण गेले, मग दुसरा सेट पाठवावा लागला. आपल्याला नकाशे बसल्या जागी मिळतात आणि तरी आपण घोळ घालतो! 1:64 स्केलला, म्हणजे खऱ्याच्या चौसष्टाव्या भागाएवढं केलं तर, हे जहाज गन डेकवर (तोफांच्या मजल्यावर) साधारण 71-72 सेंटीमीटर लांब आणि 19 सेंटीमीटर रुंद होतं. खालची सगळी मापं याच स्केलची धरा.

नकाशावरची रेघ नक्की कशाची?

रॉयल नेव्हीच्या जुन्या नकाशांमध्ये हलची (जहाजाच्या बाहेरच्या अंगाची) रेघ म्हणजे फ्रेमची बाहेरची कड, फळ्या त्याच्यावर. आता खऱ्या जहाजाची फळी समजा 4 इंच जाड, म्हणजे आपल्या स्केलला 1.6 मिमी. आणि आपण मारतो काय, 1.5 मिमीचा पहिला थर, त्यावर 0.8 चा दुसरा, एकूण 2.3. म्हणजे रेघेवर कापलेला बल्कहेड आधीच 0.7 मिमीने मोठा झाला, दोन्ही बाजूंनी. बाहेरून बघून कोणाला कळणार नाही पण पुढे रडर (सुकाणू), स्टर्नपोस्ट (मागच्या टोकाचा उभा खांब), चॅनेल्स (दोर बांधायच्या बाजूच्या फळ्या) एकही गोष्ट जागेवर बसत नाही आणि मग आपण नकाशालाच चुकीचा ठरवतो. कापायच्या आधीच रेघ तेवढी आत घ्या.

दुसरं म्हणजे बल्कहेडला स्वतःची जाडी असते, 4-5 मिमी, ती विसरली जाते. नकाशावरची स्टेशनची, म्हणजे त्या छेदाच्या जागेची, रेघ बल्कहेडच्या त्या तोंडावर यायला हवी जे जहाजाच्या मध्याकडे आहे. उलटं लावलंत तर बेव्हल करायला, म्हणजे कड तिरकी घासायला, लाकूडच उरत नाही.

फेअरिंग उरकून टाकणे

फेअरिंग म्हणजे पट्टी नीट टेकावी म्हणून बल्कहेडच्या कडा घासून एका वळणात आणणं. सगळ्यात जास्त मॉडेल्स इथे मरतात, कारण हे काम कंटाळवाणं आहे आणि हात पट्टी लावायला शिवशिवत असतात.

बल्कहेडच्या सगळ्या कडा पेन्सिलने गडद काळ्या करा. एका लवचिक लांब पट्टीला 120 नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा आणि ती एका वेळी तीन-चार बल्कहेडवर टेकेल अशी घासत जा, एकेकट्या बल्कहेडवर नाही. पुढं नाळेकडे बल्कहेडची पुढची धार आधी पांढरी पडते आणि मागचा भाग काळाच राहतो, मग हळूहळू पांढरा पट्टा रुंद होत जातो आणि काळ्याची एक केसासारखी रेघ उरते. तिथे थांबा. ती रेघ म्हणजे तुमची मूळ कापलेली कड, ती गेली म्हणजे बल्कहेड लहान व्हायला लागला. आता एखाद्या बल्कहेडवर काळं जातच नाहीये असं दिसलं तर तो शेजाऱ्यांपेक्षा खोल आहे, त्याच्यावर पातळ व्हेनिअर चिकटवून भर घाला, त्या एकासाठी बाकीचे सगळे घासत बसू नका. आणि नुसत्या डोळ्यांवर विश्वास नको, 1.5 ची पट्टी हातानेच वेगवेगळ्या उंचीवर हलभर टेकवून बघा, प्रत्येक बल्कहेडवर पूर्ण रुंदीने टेकली पाहिजे, खालून उजेड दिसला तर अजून काम बाकी आहे.

बल्कहेडमधलं अंतर 4-5 सेंटीमीटरच्या वर असेल तर मध्ये पट्टी सपाट पडते आणि वरून बघितलं की उपाशी बैलाच्या बरगड्या दिसतात. पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन बल्कहेडच्या मध्ये तर पाईनचे किंवा बाल्साचे ठोकळे भराच, तिथे गोलाई इतकी असते की नुसत्या कडांवर पट्टी धरतच नाही.

स्टर्नला कील जाड राहणे

छोटी गोष्ट, पण नवख्यांपैकी बहुतेक जण इथे आपटतात. स्टर्नपोस्ट 6 मिमी जाड, मधला कीलचा (जहाजाच्या कण्याचा) प्लाय पण 6 मिमी, आणि त्यावर दोन्ही बाजूंनी 2.3 मिमीच्या पट्ट्या आल्या की झालं 10.6. स्टर्नपोस्ट आत बुडाल्यासारखा दिसतो. म्हणून तिथला प्लाय आधीच पटाशीने आणि कानशीने उतरता करत 1.4 मिमीपर्यंत आणायचा. एवढा पातळ करायला भीती वाटत असेल तर पहिला थर त्या भागात निमुळता करत संपवा. पट्ट्या लागल्यावर हे दुरुस्त होत नाही, म्हणजे होतं, पण पट्ट्या काढूनच.

सगळ्या पट्ट्या सरळच्या सरळ मारत सुटणे

आता मुख्य मुद्दा. दुकानातून किंवा टेबल सॉवरून आलेली पट्टी सगळीकडे सारख्या रुंदीची असते, जहाजाचं पोट तसं नसतं. मध्ये घेर मोठा, पुढे कमी, मागे परत जास्त. हे गणित न करता वरून एकेक पट्टी मारत खाली आलात तर पाचव्या-सहाव्या पट्टीला पुढचं टोक आधीच्या पट्टीवर चढायला बघतं, मग आपण ते दाबून क्लॅम्प करतो, ते वाकडं होऊन कड बाहेर काढतं, आणि दुसऱ्या दिवशी कौलं रचल्यासारखा बो (नाळेकडचा भाग) तयार असतो.

हिशोब अवघड नाहीये. आधी वेल, म्हणजे हलच्या कुशीवरचा तो जाड फळ्यांचा पट्टा, त्याची खालची कड दोन्ही बाजूंना नीट आखा. मग कागदाची अरुंद पट्टी घेऊन प्रत्येक बल्कहेडवर वेलपासून कीलच्या खाचेपर्यंतचा घेर मोजा. समजा मधल्या बल्कहेडवर 140 मिमी आला. पट्टी 5 मिमीची, म्हणजे 28 ओळी. नाळेजवळच्या बल्कहेडवर घेर 90, भागिले 28, साधारण 3.2 मिमी. छान, म्हणजे प्रत्येक पट्टी तिथे 3.2 पर्यंत निमुळती करायची. पण तिथे 65 च आला असता तर 2.3, पट्टीच्या अर्ध्याहून कमी, एवढ्याशा टोकाला ना टाचणी बसते ना ते खऱ्या जहाजासारखं दिसतं. अशा वेळी दोन पट्ट्या एका रुंद पट्टीच्या खाचेत संपवतात, त्याला ड्रॉप प्लँक म्हणतात. स्टर्नला उलटा प्रकार, घेर 160 झाला तर ओळीला 5.7 पाहिजे आणि पट्टी 5 चीच आहे, मग पाचरीसारखी जादा पट्टी घालावी लागते, ती स्टीलर. किती आणि कुठे हे आधी बल्कहेडवर पेन्सिलने आखून घ्या, ऐन वेळी फट दिसली म्हणून पाचर ठोकली की ती ठिगळासारखीच दिसते.

आखताना 28 च्या 28 ओळी एकदम आखू नका, तीन-चार रुंद पट्टे पाडा आणि त्या रुंद पट्ट्यांच्या कडा दोऱ्याने किंवा काळ्या टेपने हलवर चिकटवून चार पावलं लांब जाऊन बघा. वळण डोळ्याला खुपतंय का? खुपत असेल तर टेप हलवा, आत्ता फुकट आहे.

एवढं करूनही काही पट्ट्यांना कडेच्या बाजूने वळण लागतंच. 5 बाय 1.5 ची पट्टी जाडीतून आनंदाने वाकते, रुंदीतून अजिबात नाही, जबरदस्ती केलीत तर पीळ पडतो. दोन उपाय आहेत. एक, ओली पट्टी फळीवर आडवी ठेवून एक टोक क्लॅम्प करा, दुसरं हळूहळू बाजूला ओढून क्लॅम्प करा, हेअर ड्रायरने तापवा आणि गार होईपर्यंत हात लावू नका. सुटल्यावर थोडी परत फिरते म्हणून हवं त्यापेक्षा जरा जास्तच वळवा. दुसरा उपाय म्हणजे स्पायलिंग, मोकळ्या जागेवर मास्किंग टेप लावायची, वरच्या पट्टीची कड पेन्सिलने टेपवर उमटवायची, टेप काढून रुंद पातळ फळीवर चिकटवायची आणि तो आकारच कापून काढायचा. लाकूड वाया जातं, वेळ जातो, पण पट्टी एकही क्लॅम्प न लावता नुसती ठेवली तरी जागेवर बसते, आणि खऱ्या गोदीतही फळ्या अशाच आकार घेऊन कापल्या जायच्या. माझं मत विचाराल तर बोच्या वळणाला स्पायलिंगच.

कीलला लागून असलेली सगळ्यात खालची पट्टी, गार्बोर्ड, तिचं पुढचं टोक नाळेवर वर चढू देऊ नका. कील जिथे वर वळायला लागते तिथेच ती संपली पाहिजे. ती वर गेली की तिच्या पुढच्या प्रत्येक पट्टीला आकड्यासारखं वळावं लागतं आणि सगळा हिशोब बोंबलतो.

एकच बाजू पूर्ण करणे

करू नका. डावीकडे दोन, उजवीकडे दोन, असंच. फेविकॉल सुकताना पट्ट्या ओढ घेतात आणि एकाच बाजूने ओढ बसली की मधला प्लाय वाकतो, मग तो सरळ होत नाही.

लाकूड, पाणी आणि आपला पावसाळा

मूळ जहाज सागाचं, म्हणून मॉडेलही सागाचंच, हा हट्ट बऱ्याच जणांचा असतो. सागाचे रेषे मोठे आणि उघडे, 1:64 ला ते फळीवरच्या भेगांएवढे दिसतात, शिवाय लाकूड तेलकट, त्यामुळे चिकटवायच्या आधी थिनरने पुसावं लागतं, आणि पातळ पट्टी वळवताना कडेने चिरफळ्या निघतात. पहिल्या थराला पाईन किंवा शिवण घ्या, वरच्या थराला बारीक रेषांचा हेदू मिळाला तर उत्तमच, नाहीतर स्टीम बीच.

पट्ट्या रात्रभर बादलीत बुडवून ठेवायची गरज नाही. लाकूड मऊ पडतं ते मुख्यतः उष्णतेने, पाणी फक्त मदत करतं. गरम पाण्यात 20-30 मिनिटं पुरे. मोठी चूक पुढची आहे, ओलीच पट्टी चिकटवणे. ओलं लाकूड रुंदीत फुगलेलं असतं, सुकलं की आकसतं आणि दोन पट्ट्यांमध्ये बरोब्बर केसभर फट पडते. ओली पट्टी हलवर क्लॅम्प करा, रात्रभर सुकू द्या, मग काढून चिकटवा.

हाच खेळ ऋतू पण करतात. मुंबईत, कोकणात जुलैमध्ये लाकूड हवेतला दमटपणा पिऊन बसलेलं असतं, तेव्हा मारलेला थर हिवाळ्यात किंवा एसीच्या खोलीत फाकतो. पट्ट्या आणून काम चालतं त्याच खोलीत दोन आठवडे उघड्या ठेवा, आणि जमत असेल तर दिसणारा थर दिवाळीनंतर घ्या.

चिकटवणे आणि उखडणे

फेविक्विक टोकं पटकन धरायला ठीक, अख्खं प्लँकिंग त्याच्यावर केलंत तर पांढरे डाग राहतात, आणि चुकलेली पट्टी काढताना लाकूड फाटतं. फेविकॉल लावा, पट्टीच्या कडेला पण लावा, बाहेर आलेला लगेच ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर तिथे पॉलिश धरत नाही. टाचणी मारायची असेल तर आधी बारीक भोक पाडा, टोकाजवळ तर नक्कीच.

पट्टी चुकीची बसली हे कळलं की "पुढच्या पट्टीत ॲडजस्ट करू" म्हणून पुढे जाऊ नका, ती चूक वाढतच जाते. फेविकॉलचा जोड असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल ब्रशने लावा, वर प्लास्टिकचा कागद गुंडाळा, दहा-पंधरा मिनिटांनी कटरचं पातं सरकवून बघा, बहुतेक वेळा पट्टी अख्खी निघते. फेविक्विकच्या जोडाला ॲसिटोन लागतं आणि वेळ जास्त.

घासणे, लांबी (पुट्टी) भरणे आणि तांबं

1.5 ची पट्टी घासून घासून कागदासारखी होते आणि एक दिवस बोट आत जातं. डेक बसवायच्या आधी, आतून हात पोचतोय तोवर, सगळ्या सांध्यांवर पातळ केलेला फेविकॉल फिरवून ठेवा, मग घासताना पट्ट्या हलत नाहीत. मोठ्या फटींमध्ये भुसा आणि फेविकॉलचा लगदा भरायची पद्धत आहे, पण पॉलिश केल्यावर ती रेघ गडदच दिसते, त्यापेक्षा त्याच लाकडाची पातळ कापटी फटीत सरकवून घासा.

आणि "पाण्याखाली तांब्याचे पत्रे येणारच आहेत, तिथे कोण बघतंय" हा विचार सोडा. खऱ्या जहाजांना पत्रा असायचा 4 फूट बाय 14 इंच, म्हणजे आपला तुकडा 19 बाय 5.6 मिमीचा, कागदाहून पातळ आणि वर चकचकीत, खालचा प्रत्येक उंचवटा तो लाकडापेक्षा जास्त दाखवतो. पत्रे लावायच्या आधी तेवढ्या भागाला राखाडी मॅट प्रायमरचा एक हात द्या, खोलीतले दिवे बंद करून टॉर्च हलला जवळजवळ चिकटवून तिरका धरा, खड्ड्यांच्या सावल्या दिसतात त्यांना पेन्सिलने गोल करा आणि इथे मात्र बिनधास्त लांबी भरा, घासा, परत प्रायमर, परत टॉर्च.