दवाखान्याच्या कागदांची फाइल: पॉकेटं वापरताना या चुका टाळा

२०१६ साली बाबांची अँजिओप्लास्टी झाली, तेव्हा मी त्यांचे सगळे सुटे कागद पारदर्शक पॉकेटांत घालून जाड रिंग फाइल केली. पिशवीत कोंबलेला तो ढीग पाहून जीव दडपायचा, तो एका संध्याकाळी मार्गी लागला. मागच्या वर्षी नव्या डॉक्टरांनी विचारलं, "तेव्हाचा कार्डिओग्राम आहे का? आत्ताच्याशी ताडून बघू." होता, नक्की होता. पॉकेट काढलं तर आत गुलाबी चौकड्यांची पट्टी, आणि तिच्यावर रेघच नाही. कोपऱ्यातली तारीख तेवढी पुसट दिसत होती.

माझी चूक साधी होती. कार्डिओग्राम, सोनोग्राफीचे चकचकीत फोटो, औषधाच्या दुकानातली मशीनची पावती हे बहुतेक वेळा थर्मल कागदावर निघतं. त्यात शाई नसतेच. कागदावर एक लेप असतो, त्याला उष्णता लागली की तो काळा पडतो आणि तीच अक्षरं. ऊन, गरम कपाट आणि मऊ प्लास्टिकमधली तेलकट द्रव्यं यांनी ही अक्षरं उडतात. ओळखायचं कसं? कडेच्या कोऱ्या जागेवर नखानं जोरात रेघ ओढा. काळसर उमटली तर कागद थर्मल आहे. त्याची त्याच दिवशी झेरॉक्स काढा, फोनवर फोटोही घ्या. झेरॉक्स पॉकेटात घाला आणि मूळ पट्टी साध्या कागदी पाकिटात ठेवा. लॅमिनेशन तर चुकूनही नको, त्या उष्णतेनं सगळी पट्टी काळी होते.

नुसती फिकी झालेली पट्टी स्कॅन करून फोनवर कॉन्ट्रास्ट वाढवला तर पुष्कळदा वाचता येते. पार उडालेली परत येत नाही. मग दवाखान्यात लेखी अर्ज द्या, पण लवकर. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपायच्या असतात, आणि रुग्णानं किंवा त्याच्या अधिकृत माणसानं मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात. मी गेले तेव्हा ती ३ वर्षं केव्हाच उलटली होती.

पॉकेट कशाचं आहे ते न बघता घेणं

दुकानात दोन तऱ्हेची पॉकेटं दिसतात. एक अगदी काचेसारखं स्वच्छ, मऊ, हाताला किंचित चिकट आणि नव्या रेनकोटसारखा वास येणारं. ते पीव्हीसी. दुसरं जरा धुरकट, हलवलं की चुरचुर वाजणारं आणि वास नसलेलं. ते पॉलिप्रॉपिलीन, पाकिटावर 'पीपी' लिहिलेलं असतं. दिसायला पहिलं छान, पण कायमच्या कागदांसाठी दुसरंच घ्या. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात घातलेली द्रव्यं हळूहळू बाहेर येतात आणि लेझर प्रिंटची अक्षरं कागद सोडून प्लास्टिकला चिकटतात. लॅबचे रिपोर्ट आणि झेरॉक्स दोन्ही त्याच तऱ्हेनं छापलेले असतात, त्यामुळे फटका दोघांनाही.

कागद चिकटलाच असेल तर ओढू नका. आधी प्लास्टिकवरूनच फोटो काढा. मग पॉकेटच्या दोन कडा कात्रीनं कापा, कागद टेबलावर सपाट ठेवा आणि प्लास्टिक कोपऱ्यातून हळूहळू सोलत न्या. कागदाला प्लास्टिकपासून सोडवायला गेलात की अक्षरं गेलीच.

एका पॉकेटात शिगोशीग भरणं

वरचा आणि खालचा कागद दिसतो, मधले वीस दिसत नाहीत. मग ऐनवेळी डॉक्टरांच्या टेबलावर सगळं पॉकेट उपसायचं, मागे रांग खोळंबलेली आणि आपले हात थरथरताहेत. शिवाय वजनानं भोकांची पट्टी फाटते. एका तपासणीला एक पॉकेट द्या, तारखेनं लावा, नवं सगळ्यात वर. एकेरी कागद असतील तर दोन पाठीला पाठ लावून घाला, म्हणजे दोन्हीकडून वाचता येतील. स्टेपलरच्या पिना आधी काढा. त्या गंजतात आणि प्लास्टिकही कुरतडतात.

एक चूक मला सगळ्यात जास्त भिववते. औषधांच्या जुन्या चिठ्ठ्या नव्यांबरोबर एकाच पॉकेटात राहतात, आणि पारदर्शक असल्यामुळे समोर दिसेल तीच चालू वाटते. आमच्याकडे आईनं एकदा अशीच आधीच्या वर्षाची चिठ्ठी वाचून रक्त पातळ करणारी गोळी जुन्या हिशेबानं डबीत भरली होती. रात्री गोळ्या मोजताना लक्षात आलं. तेव्हापासून फाइलच्या पहिल्या पॉकेटात फक्त चालू चिठ्ठी असते, सोबत एका कागदावर नाव, रक्तगट, कशाची अॅलर्जी आहे ते आणि घरच्या दोघांचे फोन. औषध बदललं की त्याच दिवशी जुनी चिठ्ठी फाइलच्या शेवटी जाते आणि तिच्या पॉकेटावर 'बंद' अशी लाल चिठ्ठी चिकटते. पहिल्या पॉकेटात चालूच चिठ्ठी आहे ना, हे घरातल्या दुसऱ्या माणसाकडूनही बघून घ्या.

साइज आणि लेबल

ए-फोर म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. लीगल आकाराचे कागद त्याहून लांब असतात, ते ए-फोर पॉकेटाबाहेर डोकावतात आणि कडा मुडपतात. त्यांना एफएस, म्हणजे फुलस्केप आकाराचं लांब पॉकेट घ्या. एक्स-रे घडी घालून कोंबू नका, तो त्याच्या पाकिटातच राहू दे. ११ भोकांचं पॉकेट घेतलं तर बहुतेक सगळ्या रिंगांत बसतं. पॉकेट कागदापेक्षा रुंद असल्यामुळे साध्या विभाजक कागदांची टोकं त्यामागे लपतात, म्हणून विषयाची चिठ्ठी पॉकेटाच्याच कडेला लावा. प्लास्टिकवर स्केचपेननं लिहिलेलं हाताच्या घामानं पुसतं, त्यापेक्षा पांढऱ्या कागदाची पट्टी लिहून आत सरकवा.

पावसाळा

पॉकेट पाणी अडवतं, दमटपणा अडवत नाही. उलट आत गेलेला ओलावा तिथेच कोंडतो. कोकणात तर जुलैमध्ये कोरड्या कपाटातल्या कागदांनाही बुरशीचे ठिपके येतात. भिजलेल्या पिशवीतून आणलेला रिपोर्ट लगेच पॉकेटात घालू नका, रात्रभर पंख्याखाली पसरून ठेवा. फाइल बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या फाइल ठेवायच्या डब्यात ठेवा, पॉकेटात नाही.

बुरशी आलीच तर तो कागद बाकीच्यांपासून वेगळा करा. आधी सावलीत पूर्ण सुकवा, मग तोंडाला मास्क लावून गॅलरीत मऊ ब्रशनं झटका. ओला असताना पुसलात तर डाग आणखी आत मुरतो. जुनं पॉकेट टाकून द्या आणि कागद नव्यात घाला. आमची फाइल मी आता ऑक्टोबरमध्ये एकदा पूर्ण उघडते. रिंगा सोडवून, एकेक पॉकेट जमिनीवर चटईवर मांडून, आणि बाबा शेजारी खुर्चीवर बसून तारखा वाचून दाखवतात.