ग्रॅम रंजन: जांभळा की गुलाबी?
ग्रॅम रंजन म्हणजे जिवाणू रंगवून त्यांचे दोन गट ओळखण्याची पद्धत: ग्रॅम-पॉझिटिव्ह जांभळे, ग्रॅम-निगेटिव्ह गुलाबी. काचपट्टीवर पाण्याच्या छोट्या थेंबात जिवाणूंच्या वसाहतीचा अगदी कणभर भाग कालवून पातळ पसरा. लेप पूर्ण वाळल्यावरच पट्टी ज्योतीवरून 2-3 वेळा झरकन फिरवा. ओला तापवलात तर पेशींचा आकार बिघडतो.

क्रिस्टल व्हायोलेट 1 मिनिट, धुवा. आयोडीन 1 मिनिट, धुवा. खरी कसोटी पुढेच. पट्टी तिरकी धरून 95 टक्के अल्कोहोल थेंबथेंब सोडा आणि ओघळ रंगहीन होताच, साधारण 10-15 सेकंदांत, पाण्याखाली धरा. रेंगाळलात तर पेप्टिडोग्लायकनची (जिवाणूंच्या पेशीभोवतीचा जाळीदार पदार्थ) जाड भिंत असलेले ग्रॅम-पॉझिटिव्हही रंग सोडतात, गुलाबी दिसतात. लेप जाड असेल तर नेमकं उलटं होतं, ग्रॅम-निगेटिव्हही जांभळे दिसतात.

मग सॅफ्रानिन 1 मिनिट, धुवा, टिपून घ्या. तेलाचा थेंब टाकून 100 पटीच्या भिंगातून पाहा. संवर्धन (वाढवलेले जिवाणू) 24 तासांच्या आतलंच हवं; म्हाताऱ्या पेशी हमखास फसवतात. मायकोबॅक्टेरियासाठी (क्षयाचे जंतू याच गटातले) मात्र ही पद्धत नको, त्यांची मेणचट भिंत रंग नीट घेत नाही.